अंगावर उठलंय? आधी विचारा, नवीन गोळी कधीपासून चालू आहे



या पानावर आपण नेहमी कर्ज, परतफेड, योजना, गटाचे हिशोब असं बोलतो. या वेळी मी आरोग्याबद्दल लिहिणार आहे, आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करणार आहे. ज्या ताईची ही गोष्ट आहे, तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "नाव नका टाकू, पण लिहा. दुसरीला तरी कळेल."

ताई आपल्याच एका गटातली. शिलाई मशीन आहे, गावातले ब्लाऊज तीच शिवते. तिला दोनदा फिट आली, म्हणजे आपण फेफरं किंवा आकडी म्हणतो ते. तालुक्याच्या डॉक्टरांनी कार्बामाझेपिन नावाची गोळी चालू केली. गोळी बरोबर होती, डोस बरोबर होता. फिट थांबली. तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला, घसा दुखायला लागला, डोळ्यांची आग व्हायला लागली. मेडिकलमधून तापाची गोळी आणली. दोन दिवसांनी छातीवर आणि पाठीवर काळपट लाल डाग उठले.

संध्याकाळी तिने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. "मॅडम, हे काय उठलंय बघा ना." मी एसटीत होते. फोटो नीट मोठा करूनही बघितला नाही. उत्तर दिलं, "पित्त असेल ताई. आमसुलाचं पाणी लावा, उद्या बघू." तिकडे सासूबाई म्हणाल्या, देवी आल्यात. दाराला लिंबाचा डहाळा लागला, अंघोळ बंद झाली, दवाखान्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई दुसऱ्याच कामासाठी त्या घरी गेली. तिने बघितलं तर ओठांवर काळ्या खपल्या, डोळे चिकटलेले, तोंड आलेलं, पाणीही गिळवत नाही. पाठीवर पाण्याचे फोड, आणि पदर घासला तिथली कातडी निघालेली. आशाताईने एकच प्रश्न विचारला, "गेल्या दोन महिन्यांत कोणती नवीन गोळी चालू झाली?" घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरल्या आणि १०८ ला फोन केला.

ताई तेवीस दिवस मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात होती. जगली, घरी आली. नखं गळाली होती, ती परत आली. अंगावरचे डाग हळूहळू फिकट होतायत. पण डोळे कोरडे पडले आहेत. दिवसातून कितीतरी वेळा थेंब टाकावे लागतात, उन्हात डोळे उघडत नाहीत, सुईत दोरा ओवायला पोरीला हाक मारावी लागते.

मी समाजकार्याची पदवी घेतली आहे, डॉक्टर नाही. फोटो बघून निदान करण्याचा मला अधिकार नव्हता. "आत्ता दवाखान्यात जा" एवढंच मी म्हणायला हवं होतं. त्यानंतर मी त्या दवाखान्यातल्या त्वचारोग डॉक्टरांकडून आणि आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून हा विषय समजून घेतला. तो तुम्हाला सांगते.

हा आजार आहे तरी काय?

औषधाची रिॲक्शन आपल्याला माहीत असते. गोळी घेतली, तासाभरात अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, संध्याकाळपर्यंत गेल्या. याला आपण पित्त उठणं म्हणतो. बहुतेक वेळा ते साधं असतं. पण त्यासोबत दम लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली, तर तेही जिवावरचं असतं, लगेच दवाखाना गाठायचा.

ताईला झालं ते वेगळं. त्याचं नाव स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. १९२२ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी दोन मुलांमध्ये हा आजार पाहून लिहून ठेवला, म्हणून हे नाव. यात शरीराचे रखवालदारच गोंधळतात. रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्या रक्तातल्या पेशी औषधामुळे चुकतात आणि आपल्याच कातडीवर हल्ला करतात. वरची कातडी मरते आणि भाजल्यासारखी सुटून येते. बाहेरची कातडी जशी सोलते, तशीच तोंडाच्या, डोळ्यांच्या आणि लघवीच्या जागेची आतली नाजूक कातडीही सोलते.

कातडी अंगाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी भागावर सुटली तर त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात. ३० टक्क्यांपेक्षा जास्त सुटली तर त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, थोडक्यात टेन म्हणतात. दोन्ही एकाच आजाराच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर शंभरातले पाच ते दहा रुग्ण दगावतात. टेनमध्ये शंभरातले तीस किंवा त्याहून जास्त. म्हणूनच पहिल्या पायरीवर असतानाच दवाखाना गाठायचा.

घाबरू नका, हा आजार फार विरळ आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला मोजक्याच लोकांना होतो. पण ज्या घरात होतो, तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

आणखी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताई घरी आल्यावर काही जणींनी तिच्या हातचा चहा घेतला नाही, बैठकीत लांब बसल्या. ते चुकीचं होतं. आणि दुसरं, हे देवीचं येणं नाही. देवीचा रोग जगातून गेला असं जागतिक आरोग्य संघटनेने १९८० सालीच जाहीर केलंय. कांजिण्या आणि गोवर आजही येतात, पण अंगावर पुरळ, फोड आणि सोबत ताप असेल तर ते काय आहे हे डॉक्टरांनी ठरवायचं. लिंबाच्या डहाळ्याने ते कळत नाही.

दोष कालच्या गोळीचा नसतो

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ताईच्या घरचे म्हणत होते, तापाची गोळी बाधली. पण ताप आधी आला, गोळी नंतर घेतली. तो ताप हीच आजाराची सुरुवात होती. खरी कारणीभूत गोळी तीन आठवड्यांपूर्वी चालू झाली होती आणि इतके दिवस चांगली सोसली होती, म्हणून तिच्यावर कुणाचा संशयच गेला नाही.

हा आजार बहुतेक वेळा नवीन औषध चालू केल्यापासून चार दिवस ते चार आठवडे, कधी आठ आठवड्यांपर्यंत होतो. त्यामुळे डॉक्टरांना सांगताना काल-परवाचं सांगून भागत नाही. मागचे दोन महिने आठवायचे.

कोणत्या औषधांनी जास्त वेळा होतं?

• फिटच्या काही गोळ्या: कार्बामाझेपिन, फेनिटॉईन, फिनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन. यातल्या काही नसांच्या दुखण्यासाठी आणि मानसिक आजारातही देतात.
• सल्फाची औषधं: को-ट्रायमोक्साझोल. जुलाब, लघवीचा जंतुसंसर्ग यासाठी देतात.
• युरिक ॲसिड वाढल्यावर देतात ती ॲलोप्युरिनॉल.
• काही दुखण्याच्या गोळ्या: पायरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम.
• एचआयव्हीसाठी पूर्वी सर्रास दिली जाणारी नेविरापिन.

कुष्ठरोगाच्या उपचारातल्या डॅप्सोन या गोळीने काही जणांना सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ आणि कावीळ होते. तेही तातडीचंच समजायचं.

पाळीत पोट दुखतं म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी मेफेनामिक ॲसिडची गोळी घेतात. त्या गोळीबद्दल आपल्या देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाने २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात इशारा दिला. तिच्यामुळे क्वचित 'ड्रेस' नावाची रिॲक्शन होऊ शकते. यात अंगावर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज, गळ्यात-काखेत गाठी येतात आणि आत यकृतावरही परिणाम होतो. ही रिॲक्शन साधारण दोन ते आठ आठवड्यांत दिसते. याचा अर्थ ती गोळी विष आहे असा नाही. पण डॉक्टरांना न विचारता, शेजारणीच्या डब्यातली काढून घेऊ नका. आणि घेतल्यावर असं काही दिसलं तर "पाळीची गोळी काय सांगायची" म्हणून लपवू नका.

आता उलटी बाजूही ऐका. यादी वाचून कुणी आपल्या चालू गोळ्या बंद करू नका. दोन-चार वर्षं फिटची गोळी घेताय आणि काही त्रास नाही, तर धोका जवळजवळ टळलेला आहे. ती अचानक बंद केली तर फिट येऊन चुलीवर, विहिरीवर जीव जाऊ शकतो. जपायचं ते नवीन गोळीच्या पहिल्या दोन महिन्यांत.

ओळखायचं कसं?

नवीन औषध चालू असताना खालीलपैकी काहीही दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही:

१. ताप, घसादुखी, डोळ्यांची आग आणि त्यानंतर अंगावर डाग. आपल्या सावळ्या कातडीवर डाग लाल दिसतीलच असं नाही. काळपट, जांभळट दिसतात.
२. कातडी खाजण्यापेक्षा दुखते. हात लावला तरी भाजल्यासारखं होतं.
३. तोंड येणं, ओठांवर खपल्या, गिळता न येणं.
४. डोळे लाल होणं, चिकटणं, उजेड सहन न होणं.
५. लघवीच्या जागी आग, जखमा.
६. पाण्याचे फोड, घासल्यावर कातडी निघणं.
७. चेहऱ्यावर सूज, गाठी, डोळे पिवळे होणं.

पाचवा मुद्दा बायका सांगत नाहीत. ताईनेही पहिले तीन दिवस सांगितला नव्हता.

इथेच आणखी एक सांगते. काही जणींना एखादी गोळी घेतली की ओठावर, हातावर किंवा खालच्या जागी गोल काळा डाग उठतो. बरा होतो, पण काळी खूण राहते आणि तीच गोळी पुन्हा घेतली की त्याच जागी पुन्हा उठतो. जुलाबाच्या, दुखण्याच्या आणि काही अँटिबायोटिक गोळ्यांनी असं होतं. हा बहुधा जिवावरचा नसतो. पण खालच्या जागी डाग दिसला की घरात संशय, भांडणं होतात. ताईंनो, असा डाग म्हणजे वाईट वागणुकीची खूण नव्हे. डॉक्टरांना दाखवा, गोळी ओळखा आणि ती कायमची सोडा.

लगेच काय करायचं, काय नाही?

संशय आला की त्या गोळीचा पुढचा डोस घ्यायचा नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. फिटची गोळी असेल तर त्याच दिवशी जाणं दुप्पट गरजेचं, कारण तिच्या जागी सुरक्षित गोळी डॉक्टर लगेच चालू करतात. १०८ ची गाडी मोफत आहे. गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, बाटल्या, चिठ्ठ्या, मलम, जडीबुटीची पुडी, सगळं सोबत न्यायचं.

फोड फोडायचे नाहीत. हळद, राख, शेण, पाल्याचा लेप लावायचा नाही, सोललेल्या कातडीत त्याने जंतू शिरतात. चिकटपट्टी लावायची नाही, काढताना कातडी निघते. स्वच्छ धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून न्यायचं. गावात एखादं इंजेक्शन मारून "बघू दोन दिवस" असं कुणी म्हणालं, तर ऐकायचं नाही.

दवाखान्यात काय उपचार होतात?

घरच्यांना वाटतं, डॉक्टर नुसतं सलाईन लावून बसलेत. म्हणून हे समजून घ्या.

पहिला आणि सगळ्यात मोठा उपचार म्हणजे कारणीभूत औषध ओळखून बंद करणं. ते जितक्या लवकर बंद होईल, तितकी वाचायची शक्यता जास्त. म्हणून तर पिशवी लागते.

दुसरा, भाजलेल्या रुग्णासारखी काळजी. कातडी म्हणजे अंगाचं छप्पर. छप्पर उडालं की अंगातलं पाणी बाहेर जातं, ऊब जाते आणि जंतू आत येतात. म्हणून सलाईनने पाणी-क्षार भरून काढतात, खोली उबदार ठेवतात, न चिकटणाऱ्या, व्हॅसलीन लावलेल्या जाळीच्या पट्ट्या ठेवतात. तोंडाने खाता येत नसेल तर नाकातून नळी घालून पातळ अन्न देतात, कारण नवीन कातडी तयार व्हायला अन्न लागतं. वेदना कमी करणारी औषधं देतात. भेटायला गर्दी करू देत नाहीत, ते जंतू येऊ नयेत म्हणून. त्यावर भांडू नका.

तिसरा, डोळे. हे पहिल्या दिवसापासून बघावे लागतात, नाहीतर पापणी डोळ्याला चिकटून आत व्रण पडतात आणि नजर जाऊ शकते. डोळ्यांचे डॉक्टर रोज तपासतात, थेंब आणि मलम देतात. डोळ्यांचा त्रास मोठा असेल तर पहिल्या काही दिवसांत बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेचा पातळ पडदा डोळ्यावर बसवतात. आपण जी वार पुरून टाकतो, तिच्यामुळे कुणाची नजर वाचते! रुग्णासोबत तुम्ही असाल तर आवर्जून विचारा, "डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं का?"

चौथा, लघवीची आणि योनीची जागा. तिथल्या जखमा आपसात चिकटून पुढे पाळीला आणि संबंधाला त्रास होऊ शकतो. सुरुवातीलाच मलम आणि पट्टी लावली तर ते टळतं. सिस्टरला स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही.

पाचवा, शरीराचा हल्ला थांबवणारी औषधं. सायक्लोस्पोरिन, थोड्या दिवसांसाठी स्टिरॉईड अशी औषधं डॉक्टर रुग्णाची अवस्था बघून देतात. कुणाला कोणतं द्यायचं यावर डॉक्टरांमध्येही मतं वेगळी आहेत. त्यामुळे "त्याला दिलं ते हिला का नाही" असा हट्ट धरू नका. 'ड्रेस'मध्ये यकृत, किडनीच्या रक्ततपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात आणि उपचार जास्त दिवस चालतो.

सगळं नीट झालं तर साधारण दोन-तीन आठवड्यांत नवीन कातडी येते.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठणं उत्तम. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे योजनेतल्या दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८.

घरी आल्यावर

ज्या गोळीने झालं ती आयुष्यात पुन्हा घ्यायची नाही. पुन्हा घेतली तर आजार पहिल्यापेक्षा जोरात उलटू शकतो. तिच्या जातकुळीतल्या गोळ्याही टाळायच्या. ताईला कार्बामाझेपिन चाललं नाही, म्हणून फेनिटॉईन आणि फिनोबार्बिटोनही चालणार नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. तो कागद तिने प्लास्टिकमध्ये घालून आधारकार्डासोबत ठेवलाय, आणि फोटो नवऱ्याच्या, पोरीच्या मोबाईलमध्ये आहे. या आजाराचा थोडा संबंध रक्ताच्या गुणधर्माशी असतो, म्हणून भावंडांनी आणि मुलांनीही डॉक्टरांना हे आवर्जून सांगायचं.

झालेली रिॲक्शन सरकारला कळवता येते. फोन मोफत आहे: १८०० १८० ३०२४. त्यात कुणावर केस होत नाही. अशा नोंदी जमल्या म्हणूनच मेफेनामिकसारखे इशारे निघतात.

आपल्या गटाने काय करायचं?

मी प्रत्येक गटाला चार गोष्टी सुचवते.

एक, कागदाच्या पुडीतल्या सुट्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. पट्टी मागायची किंवा नाव लिहून मागायचं. ताईची गोळी पट्टीत होती म्हणून पाच मिनिटांत कळलं. पुडीत असती तर कुणाला विचारलं असतं?

दोन, पट्टीवर लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, दुसरीला द्यायची नाही.

तीन, नवीन गोळी चालू झाली की घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोळीचं नाव लिहायचं. दुधाचा हिशोब लिहितो तसाच.

चार, गटाच्या वहीत शेवटच्या पानावर कुणाला कोणतं औषध चालत नाही ते लिहायचं. जिची इच्छा असेल तिचंच.

ताईला गटाने त्या वेळी अंतर्गत कर्जातून जाण्या-येण्याचा आणि नवऱ्याच्या जेवणाचा खर्च दिला. परतफेड दोन महिने पुढे ढकलली, एकीनेही नाही म्हटलं नाही. आता ती जाड सुईचं काम करते, पिशव्या आणि गोधड्या शिवते. बारीक काम पोरगी शिकतेय.

आणि मी? आता कुणी फोटो पाठवला तर मी औषध सांगत नाही. तीन प्रश्न विचारते: नवीन गोळी कधीपासून? तोंड, डोळे, लघवीची जागा दुखते का? ताप आहे का? एकाचंही उत्तर हो असेल तर म्हणते, पिशवी भरा आणि निघा.

पुढच्या मासिक बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचावा आणि हे तीन प्रश्न सगळ्यांनी पाठ करावेत. सासूबाईंनाही बैठकीला बोलवा, कारण दवाखान्यात न्यायचं की नाही हे पुष्कळ घरांत अजून त्याच ठरवतात.

तुमची,
क्षेत्र समन्वयक